सोळा तासांची सीट: एका जुन्या ड्रायव्हरनं तपासलेलं सामान

मी एकतीस वर्षं बस चालवली. त्यातली निम्मी पणजी–पुणे आणि पणजी–मुंबईच्या रातराणीवर. बारा-तेरा तास एका जागी बसणं मला कुणी शिकवायला नको, अशी माझी गुर्मी होती. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेला निघालो. मुंबई ते नेवार्क, मधे थांबा नाही, साडेबारा हजार किलोमीटर, जवळजवळ सोळा तास. गुर्मी चौथ्या तासाला उतरली. ड्रायव्हर बसलेला असतो खरा, पण त्याचे पाय क्लच-ब्रेकवर, हात गिअरवर, डोळे रस्त्यावर. पॅसेंजर होऊन नुसतं बसायचं हे वेगळंच काम आहे आणि ते मी त्या रात्री पहिल्यांदा केलं.

जाताना नेलेलं निम्मं सामान फुकट गेलं. पाच महिन्यांनी परत येताना थोडी अक्कल आली होती. आता आमच्या डिचोलीत दर चार घरांमागे एकाचं पोर परदेशात, त्यामुळे आईबापांची जा-ये सुरू असते. संध्याकाळी कुणीतरी येतं आणि सोप्यावर बसून विचारतं, "मामा, विमानात काय काय न्यायचं?" दरवेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहितो. सगळं माझ्या पैशानं घेतलेलं आहे.

पहिली उशी. विमानतळावरच्या एका दुकानातून, आत गेल्यावर, घाईत घेतली. घोड्याच्या नालासारखा आकार, आत मेमरी फोम, वरून मखमल, किंमत १,८९९ रुपये. हिनं किंमत ऐकली आणि माझ्याकडं बघितलंही नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं. ही उशी मानेमागं इतकी जाड आहे की डोकं सीटला टेकतच नाही, पुढं ढकललं जातं. डुलकी लागली की हनुवटी छातीवर पडते आणि आपल्याच घोरण्यानं आपण जागे होतो. दोन तास असे काढल्यावर मी ती उलटी घातली. नालाचं तोंड मागं, जाड भाग हनुवटीखाली. तेव्हा कुठं डोकं सावरलं. दुकानातल्या पुतळ्याच्या गळ्यात मात्र ती सरळच होती, आणि पुतळ्याला काय, झोपायचं थोडंच असतं!

पण आकारापेक्षा तिचा पसारा जास्त छळतो. दाबली तरी लहान होत नाही. मुंबईच्या टर्मिनलमध्ये चालताना ती गळ्यात, जेवताना मांडीवर, बाथरूमला जाताना हिच्या हातात. उशीनं आम्हाला झोपवलं त्यापेक्षा आम्हीच तिला जास्त सांभाळलं.

खरी गंमत पुढं आहे. फुगवायची एक उशी आमच्याकडं आधीपासूनच होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडेतीनशेला घेतलेली, हवा काढली की रुमालाएवढी होणारी. ती कुठं होती? मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात. येताना ती हाताशी ठेवली आणि तिच्यावर चांगली पाच तास झोप काढली. फक्त ती गच्च फुगवू नका. विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते, तरी जमिनीवरच्याइतका दाब नसतो. सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर बसल्यासारखं असतं. आपण चोर्ला घाट चढतो तेव्हा टपरीवरची चिप्सची पाकिटं कशी टम्म दिसतात? घाट त्या मानानं काहीच नाही. उशी पाऊण भरली की वर गेल्यावर ती आपोआप बरोबर होते, आणि उतरताना लुळी पडली तर पंक्चर झाली समजू नका.

हाच नियम पोटालाही लागू. निघायच्या सकाळी मी म्हापशात पाव आणि सुक्या वाटाण्याची पातळ भाजी दोन प्लेट खाल्ली. परत कधी मिळणार म्हणून. पोटातली हवा पण वर गेल्यावर फुगते, हे मला ग्रीनलंडच्या आसपास कळलं. शेजारच्या गृहस्थांनाही कळलं असावं. वाटाणे, चवळी, कोबी हे आदल्या दिवशीपासून बंद ठेवा.

आता मोजे. यावर मी जरा सविस्तर लिहिणार, कारण माझा या सगळ्या सामानातला पहिला नंबर यांचाच. ड्रायव्हरच्या पायांवर पन्नाशीनंतर हिरव्या-निळ्या शिरा उठतात, माझ्याही उठल्या आहेत. आमच्या डॉक्टरांनी जाण्याआधी निक्षून सांगितलं, दाबाचे मोजे घातल्याशिवाय विमानात बसायचं नाही. पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले की ते खालीच साचतं, पाय सुजतात, आणि क्वचित त्याची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो नुसत्या विमानात नाही, बस, रेल्वे, मोटार, सगळीकडं. दुप्पट झाला तरी सुमारे सहा हजारांत एकाला, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण रातराणीवर माझ्यामागं पन्नास माणसं रात्रभर पाय लोंबकळत बसायची आणि मी कणकवलीला गाडी थांबवून ओरडायचो, "दहा मिनिटं, कुणी उतरायचं असेल तर उतरा!" तेव्हा निम्मे लोक झोपेतून उठायचा कंटाळा करायचे. आता वाटतं, त्यांना हाताला धरून उतरवायला हवं होतं.

पाकिटावर '१५–२० एमएमएचजी' असं लिहिलेलं असतं, तो दाब. प्रवासाला हाच पुरतो. गुडघ्याखालपर्यंतची जोडी मला साधारण आठशेला पडली. पणजीच्या औषधाच्या दुकानातल्या पोरानं टेप काढून घोटा आणि पोटरी मोजली, म्हणून तो पोरगा मला आवडला. दुसऱ्या एका दुकानात "मामा, तुम्हांला एल लागेल" असं नुसतं बघून सांगितलं होतं. बघून पँट घेता येते, हे मोजे नाही. सैल असले तर उपयोग शून्य, घट्ट असले तर मुंग्या येतात. घालायचे सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की तीच दोरीसारखी आवळते. ज्यांना साखर आहे, किंवा चालताना पोटऱ्या दुखतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. आणि मोजे घालून गप्प बसायचं नाही. दर तासाला मी दोन्ही पाय क्लच-ब्रेक दाबावे तसे पन्नास वेळा दाबायचो. सवयच ती. नेवार्कला उतरलो तेव्हा माझे बूट जसे होते तसे पायात गेले. हिनं मोजे घ्यायला नकार दिला होता ("मी काय ड्रायव्हर होते?"), तिच्या पायात चप्पलसुद्धा शिरेना. येताना तिनं न सांगता मोजे चढवले. मी काही बोललो नाही, पण ते बोलणं तिला ऐकू गेलं.

पाय अडकवायची झोळी म्हणून एक वस्तू ऑनलाइन मिळते. समोरच्या सीटच्या ट्रेला पट्टे अडकवायचे आणि झोळीत पाय ठेवायचे. ४५० रुपये. मी ती लावली, पाय ठेवले, समोरच्या माणसाची सीट हलली, त्यानं मागं वळून पाहिलं, पाचव्या मिनिटाला हवाई सुंदरी आली आणि गोड बोलून ती काढायला लावली. काही विमान कंपन्या ही झोळी चालवूनच घेत नाहीत. सध्या तिच्यात आमच्या न्हाणीमागच्या मनी प्लँटची कुंडी टांगलेली आहे.

कमरेसाठी पंचा. जुना, मऊ, चार वेळा घडी घालून गुंडाळलेला, कमरेच्या खोलगट भागात, पट्ट्याच्या जरा वर. प्रत्येक ड्रायव्हरला हे माहीत असतं. विमानाची सीट मधे पोकळ सोडते, दोन सीटांच्या रांगांत अंतर साधारण ३१ इंच, त्यात माणूस घसरत घसरत पुढं येतो आणि पाठीचा धनुष्य होतो. पंच्यानं ते थांबतं. तोच पंचा तोंड धुवायला, तोच डोळ्यांवर अंधार करायला. किंमत काही नाही. दुकानदारांना हे कळलं तर 'ट्रॅव्हल पंचा' म्हणून हजाराला विकतील.

मात्र यातली कुठलीही वस्तू वरच्या कप्प्यात ठेवलीत की ती घरी ठेवल्यासारखीच. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी खिडकीशी, मधे ही, कडेला एक वयस्क गृहस्थ, झोपलेले. माझी गोळी वर, तेल वर, डोळ्यांची पट्टी वर. त्यांना उठवायला जीव होईना. तीन तास मी तसाच. बसमध्ये माझी पाण्याची बाटली डाव्या हाताला, टॉवेल पाठीवर, बॅटरी सीटखाली, सुपारीची डबी पुढच्या काचेशी. अंधारात, डोळे रस्त्यावर ठेवून हात जाईल तिथं वस्तू हवी. एवढं ज्याला एकतीस वर्षं कळत होतं, तो पॅसेंजर झाल्यावर विसरला.

सीटखालची बॅग तरी होती की, असं कुणी म्हणेल. होती. पण समोरच्यानं आपली सीट मागं पाडली की खाली वाकायला जागाच राहत नाही. डोकं आपटतं. म्हणून येण्याआधी मी मुलीच्या घरी मशीनवर स्वतः एक कच्ची पिशवी जोडली. ती इतकी उपयोगी पडली की इथं आल्यावर बाजारातल्या शिंप्याकडून नीट शिवून घेतली. माझ्या जुन्या खाकी पँटचं कापड, शिलाई २२० रुपये. वहीच्या आकाराची, चार कप्पे. एकात औषधं, एकात मोबाईलची वायर आणि कानातले बोळे, एकात तेल-ब्रश, एकात खाऊ. मुख्य गोष्ट तिचा बंद. तो मुद्दाम लांब ठेवायला सांगितला. पिशवी समोरच्या सीटखाली सरकवायची आणि बंदाचा फास गुडघ्यावर अडकवायचा. हवं तेव्हा दोरी ओढली की बादली विहिरीतून यावी तशी पिशवी वर. शिंप्यानं दोनदा विचारलं, "एवढो लांब बंद कित्याक?" आणि मी सांगितल्यावर हसला. शिलाईत एकच खोट, तिसऱ्या कप्प्याला चेन हवी होती, त्यानं बटण लावलं. ब्रश दोनदा बाहेर पडला. उडताना-उतरताना फास सोडून पिशवी पूर्ण आत ढकलायची, हे सांगायला नकोच.

त्या पिशवीत मुलीच्या घरचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यानं कुठं राहणार म्हणून विचारलं आणि माझा मोबाईल नेमका गप्प झाला होता. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सगळ्या हातातल्या बॅगेत, निदान आठवड्याच्या तरी.

मोबाईलवरून आठवलं, पॉवर बँक. ती मोठ्या बॅगेत घालायची नाही, सोबतच न्यायची. साधारण नियम १०० वॉट-अवरपर्यंत. वीस हजार एमएएचची असेल तर ती ७४ वॉट-अवर भरते, चालते. हल्ली काही कंपन्या ती नेऊ देतात पण विमानात वापरू देत नाहीत, म्हणून घरून मोबाईल भरूनच निघा.

खाण्याचं. बाळंतिणीसाठी हिनं सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या बॅगेत भरल्या होत्या. घरच्या माडाचे नारळ, गच्चीवर वाळवलेले. विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि आम्हाला बाजूला बोलावलं. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते पेट घेऊ शकतं, म्हणून अख्ख्या वाट्या चालत नाहीत. ही तपासणीवरच्या मुलीला म्हणाली, "अगो, खोबऱ्याला कुठं आग लागते?" आणि मग स्वतःच गप्प झाली, कारण आमच्याकडं बंब पेटवायला करवंट्या आणि खवट खोबरंच वापरतात. भाचा सोडायला आला होता, तो अजून पार्किंगमध्येच होता. वाट्या परत डिचोलीला गेल्या. डिंकाच्या लाडवात किसून घातलेलं खोबरं मात्र अमेरिकेत पोचलं. तिथं खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर सरळ सांगायचं. आम्ही सांगितलं, त्यांनी डबा उघडून पाहिला, वास घेतला, सोडला. मानकुराद आंबे नेण्याचा विचार मे महिन्यात प्रत्येकाच्या मनात येतो. तो मनातच ठेवा, ताजी फळं आत सोडत नाहीत. चोरूनही नको.

विमानातलं जेवण बरं असतं, पण जिभेला कळत नाही. हवा कोरडी आणि दाब कमी, त्यानं मीठ-साखरेची चव मंदावते. म्हणून मी पिशवीत दोन गोष्टी ठेवल्या: आमसुलं आणि पोदेराची, म्हणजे आमच्या पाववाल्याची, काकणं. आमसूल जिभेवर ठेवलं की तोंडाला पाणी सुटतं, मळमळही थांबते. आणि काकण! गोव्याबाहेरच्यांना सांगतो, बांगडीसारखा गोल, कडक पाव. नासत नाही, चुरगळत नाही, वास मारत नाही. रात्री तीनला, कुठल्या देशाचे तीन ते देव जाणे, विमानातल्या पाणचट चहात काकण बुडवून खाल्लं आणि मला आमच्या पायरीवर बसल्यासारखं वाटलं. ती सहा काकणं येताना नव्हती, हे दुःख वेगळं. चॉकलेट आणि बिस्किटांना माझे दोन गुण, काकणाला दहा.

कोरडेपणाबद्दल आपल्या लोकांना कल्पनाच नसते, कारण आपण वर्षभर घामात भिजलेले. विमानात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्याही खाली. ओठ फुटतात, नाक जळतं. रिकामी स्टीलची बाटली न्या आणि तपासणीच्या आत गेल्यावर नळावर भरा, भरलेली आत नेऊ देत नाहीत. ड्रायव्हर लोक गाडी थांबवायला नको म्हणून पाणी कमी पितात, मी तीच खोड विमानात केली आणि डोकं धरून बसलो. ओठांना, नाकाच्या कडेला घरचं खोबरेल. तेही पातळ पदार्थांतच मोडतं, त्यामुळे डबी १०० मिलीच्या आतली आणि पारदर्शक पिशवीत. गंमत अशी की खोबरेल साधारण चोवीस अंशांना थिजतं. आमच्या घरात ते थंडीतही क्वचितच थिजतं, पण विमानात ही डबी उघडते तो आत लोण्यासारखं घट्ट. सांडायची भीतीच नाही.

आवाजाला फोमचे, कापसासारखे मऊ बोळे पुरतात, बारीक वळून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचे. मुलीनं दिलेले महागडे हेडफोन इंजिनाची घरघर गिळतात, मूल रडलं तर ते ऐकू येतंच. ज्याच्या डाव्या मांडीला लागून एकतीस वर्षं इंजिन होतं, त्याला घरघर नसली की उलट झोप येत नाही. ते मी हिला दिले.

अंगात सैल सुती कपडे आणि एक शाल, कारण कंपनीचं पांघरूण गुडघे झाकलं तर खांदे उघडे टाकतं. पायात काढता-घालता येईल अशी चप्पल. बाथरूममध्ये नुसत्या मोज्यांवर जाऊ नका. तिथं खाली जे ओलं असतं ते पाणीच असेल असं नाही.

परवा शेजारचा बाबलो लंडनला मुलाकडं निघाला म्हणून आला. खाकी पिशवी मागितली, दिली. मोज्यांचा नंबर लिहून घेतला. म्हटलं, ही मखमलीची उशी पण घेऊन जा, नवी आहे, पाच-सहा तासच वापरलेली. त्यानं ती हातात घेतली, दाबून बघितली, मानेला लावून बघितली आणि परत खुर्चीवर ठेवली.

"मामा, ती तुमचेकडेच आसूं दी."